उकर्डा नावाचं नाणं

२००४ साली मी पंचावन्न वर्षांचा होतो. अंगात ताकद होती आणि ताकदीपेक्षा रग जास्त होती. त्या सालचा कापूस आठवतो तेव्हा मला पांढरा रंग आठवत नाही, लाल आठवतो. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांना नखं फुटतात. वेचणाऱ्या बायांची बोटं त्या नखांनी चिरायची आणि पांढऱ्या पुंजक्यावर रक्ताचा मोहरीएवढा ठिपका पडायचा. बाया तो ठिपका आत दुमडून पुंजका ओटीत टाकायच्या. आम्ही सगळे तेच करत होतो त्या वर्षी. रक्त आत दुमडायचं आणि पांढरं वर ठेवायचं.

यंदाही वेचणी लागली आहे. मी आता शेतात जात नाही. ओट्यावर खाट टाकून बसतो आणि गाड्या मोजतो. बैलगाडी एखादीच, बाकी सगळे टेम्पो. कापसाचा वास मात्र तोच, उन्हात तापलेल्या उशीसारखा. तो नाकात गेला की उजव्या हाताचा तळवा आपोआप आवळतो. बायको विचारायची, काय झालं. आता विचारायला तीही नाही.

परवा नातीचा फोन आला. अश्विनी पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कचेरीत आहे. तिच्या खेळात सात राज्यं आहेत, किल्ले आहेत, पंख असलेले वाघ आहेत, आणि सगळे एकमेकांची मुंडकी उडवत असतात. सगळं झालं म्हणे, एक गोष्ट अडली. त्या राज्यांत जो पैसा चालतो त्याला नाव सुचत नाही. मोहरा आणि होन सगळ्यांनी वापरून चोथा केलेत. "आबा, तुमच्याकडचं एखादं दणकट नाव द्या ना."

मी विचारलं, तुझ्या खेळात माणसाचा डोळा फुटला तर परत येतो काय?

ती हसली. म्हणाली, तीस सेकंदांत.

मग मी एवढंच सांगितलं की नाण्याला जित्या माणसाचं नाव देऊ नको. तिनं का म्हणून विचारलं. मी फोन ठेवला. ते काऊन, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून ही वही घेतली. चौथी शिकलेला माणूस आहे मी. जमेल तसं लिहितो, ज्याला हसायचं त्यानं हसावं.

माझं नाव उकर्डा. माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा आईनं मला तिसऱ्या दिवशी सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मरणाला वाटावं की हे पोर टाकून दिलेलं आहे, याला नेण्यात काही मजा नाही. मग शेजारणीनं मला उचललं, आईच्या दारात आणलं आणि म्हणाली, घे बाई, उकिरड्यावर सापडलं. आईनं पायलीभर ज्वारी देऊन मला विकत घेतलं. आमच्या भागात ही रीत होती. गावागावात एक उकर्डा असायचा, एक सुपडा असायचा, एक धोंडू असायचा. मरणाला फसवायला ठेवलेली नावं. मरण फसलं. माणसं फसली नाहीत.

शाळेत पोरं नाक धरायची. चौथीत मी एकाच्या डोक्यात पाटी घातली, पाटी फुटली आणि डोकंही फुटलं. बापानं मला बैलाच्या कासऱ्यानं असं झोडपलं की दोन दिवस मी पालथा झोपलो. शाळा तिथंच संपली. बाविसाव्या वर्षी मोताळ्याच्या बाजारात एका मिरचीवाल्यानं चारचौघांत हाक मारली, ए उकर्ड्या, सरक तिकडं. मी त्याचे दोन दात पाडले. पुढच्या बाजाराला तोच मला उकर्डाजी म्हणाला. मला वाटलं, हा भाव ठीक आहे. दोन दातांना एक 'जी'. पुढं तीस वर्षं मी हा व्यवहार करत राहिलो. गावात लहान पोरंसुद्धा मला उकर्डाजी म्हणत. मान म्हणून म्हणत की भ्यायची म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

त्या साली मारामारीची सुरुवात मृगाआधीच झाली होती. नवं बियाणं आलं होतं, बीटी. बोंडअळीनं आधीची तीन-चार वर्षं आम्हाला नागवलं होतं. कितीही फवारा, अळी विषात न्हाऊन पुन्हा बोंडात शिरायची. या बियाण्याचं झाडच विष धरून उगवतं असं लोक सांगत. अळी पान खाते आणि पान अळीला खातं. दुकानापुढे पहाटेपासून रांग. एका माणसाला दोनच पाकिटं. बायांची रांग वेगळी होती आणि ती जास्त भयंकर होती. मी एका बाईला दुसरीच्या झिंज्या हाताला गुंडाळून ओढताना पाहिलं, आणि ओढता ओढता ती पाकिटाचे पैसे दुसऱ्या हातानं खिडकीत देत होती. पुरुषांत एकानं एकाचा कान चावला. माझ्या कोपरानं कुणाचं नाक फुटलं हे मला अजून माहीत नाही. मागं वळून पाहिलं असतं तर जागा गेली असती.

शेतात त्या वर्षी अळी दिसली नाही. हिरवं शेत, आणि सकाळी पानाखाली मेलेल्या बारीक काळ्या अळ्या. फवारणीचा वास नाही, पंपाचा आवाज नाही. एवढं शांत मरण मी शेतात कधी पाहिलं नव्हतं. मी एकदा एक पान तोडून तोंडात धरलं होतं. बायकोनं हातावर फटका मारून थुंकायला लावलं.

कापूस रग्गड झाला. सगळ्यांचाच झाला, म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला. मग सारे सरकारी खरेदीकडे धावले. आमच्या गावाहून खामगाव एका दिवसाची वाट. मार्गशीर्षात मी गाडी भरून निघालो. सरकारी खरेदी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात; त्याच्या अलीकडे दीड कोसावरच रांग लागली होती. गाडीमागं गाडी, मध्ये ट्रॅक्टर, बैल सोडलेले, जू जमिनीवर टेकलेली. जिनातली सरकी काढायची यंत्रं, रेचे, दिवसभर धडधडत. जमिनीत कान लावला तर छातीत वाजल्यासारखं वाजायचं. पहिल्याच दिवशी एका भडकलेल्या बैलानं एका म्हाताऱ्याच्या मांडीत शिंग घातलं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडल्याबरोबर मागचे पुढं घुसले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाठी पाठीवर पडते तेव्हा धूळ उडते. एवढी धूळ आमच्या अंगावर साचली होती.

माझ्या पुढची गाडी रहमानची होती. तो शेजारच्या गावचा. बाप पिंजारी, गाद्या भरायचा. रहमान चार एकर कापूस करायचा आणि दिवसभर तोंड चालवायचा. आमचे बैल एकाच कडब्यावर होते. त्याच्या घरच्या भाकरी आणि माझा ठेचा. माझ्या वयाचा, पण मला जी लावायला त्याची जीभ वळत नसे. मी त्याला दुसऱ्या दिवशी तसं बजावलं. तो म्हणाला, "पाह्य बे, जी लावला का मानूस दूर जाते. तू तं मायाजवळ निजते." त्याचं हसणं असं असायचं की हात उगारलेला माणूसही हात डोक्याकडं नेऊन खाजवायचा.

राज्य त्यानंच काढलं. तिसऱ्या दिवसापर्यंत रांगेत इतकी भांडणं झाली होती, पाण्यावरून, कडब्यावरून, हातभर जागेवरून, की एखादा मुडदा पडला असता. रहमान म्हणाला, भांडायचंच आहे तर राज्य मांडून भांडू. प्रत्येक गाडी एक गाव. दहा गाड्यांचा परगणा. जिनाचं फाटक म्हणजे किल्ला आणि कापसात कोपरापर्यंत हात घालून नाक मुरडणारा साहेब म्हणजे दैत्य. गाडी एक जागा पुढं सरकली की एक गाव जिंकलं. परगण्या-परगण्याचं भांडण लागलं की दोन्हीकडून एकेक गडी, रस्त्याच्या कडेला कुस्ती, आणि रक्त निघालं की निकाल. नाकं खरीच फुटायची. पण फुटल्यावर लोक हसायचे, हा फरक.

राजा म्हणून सुपडाजीला बसवलं. पंचाहत्तरीचा म्हातारा, माझ्याच रीतीचं नाव, दात नाहीत, डोक्यावर टोपलं पालथं घातलेलं. त्यानं पहिला हुकूम काढला की राज्य आहे तर पैसा पाहिजे. खरा पैसा कुणाकडं नव्हताच, तो सगळा गाडीत कापूस होऊन बसला होता. पेट्रोल पंपावरून घागर आणून दे, माझे बैल राख, मी गावात जाऊन येईपर्यंत माझ्या गाडीवर बस, असल्या कामांना काहीतरी द्यायला हवं होतं. सरकी चालणार नव्हती. ज्याच्या त्याच्या गाडीत सरकीचे डोंगर, कुणीही बोंड पिंजून श्रीमंत झाला असता. शेवटी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांचे चकचकीत चौकोन कापायचे ठरलं. पाकिटं बहुतेकांकडं होती, तंबाखू ठेवायला, कागदपत्रं ठेवायला. म्हणून त्यावर ठसा पाहिजे. ठसा कुणाचा? रहमाननं माझ्याकडं बोट केलं.

माझ्याकडं पोती शिवायची दाभण होती. तिनं एका ओळीत तीन भोकं पाडायची, मधलं जरा खाली. माझ्या हाताची ती खूण. दिवसाला पन्नास चौकोन, त्यावर एक नाही. मी कुणाला एक जास्त पाडून देणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सख्खा मेव्हणा रांगेत होता, त्याला मी हाकलून दिलं.

मग नावाची बैठक बसली. ऊन चढलं होतं, राजा गोणीवर. कुणी म्हणालं, मोहर म्हणू. कुणी म्हणालं, मोहर आंब्याला येतो. कुणी परगण्याच्या देवीचं नाव सुचवलं, त्यावर दुसऱ्या परगण्यानं बाह्या वर केल्या. एका ट्रॅक्टरवाल्या जवान गड्यानं सुचवलं ते नाव लिहिण्यासारखं नाही. दोघांची गचांडी धरून झाली. तेव्हा रहमान उठला.

"ज्याच्या हातचं, त्याचं नाव," तो म्हणाला. "उकर्डा म्हना. हा मानूस मायच्या मयतीतबी एक टाका जास्ती मारनार नाई."

सगळे हसले. त्या हसण्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. उठलो आणि म्हणालो, म्हणायचं असेल तर उकर्डाजी म्हणा.

सुपडाजीनं टोपलं सावरलं. "रुपयाले कोनी रुपयाजी म्हंते काय बे?"

हात वर करून ठराव झाला. मी एकटा विरोधात. काम सोडून द्यायला हवं होतं, पण सोडलं तर लोक म्हणाले असते की पळाला. मी दाभण उचलली आणि त्याच बैठकीत पहिला उकर्डा पाडला.

अश्विनीबाई, तू नाण्याला नाव देशील आणि विसरशील. पण त्या नावाचं पुढं काय होतं ते ऐक. घागरीला एक उकर्डा. बैल राखायला दोन उकर्डे. उकर्डा फाटला, उकर्डा चुलीत पडला, उकर्ड्याला तेल लागलं. लोक बोटाला थुंकी लावून उकर्डे मोजायचे. ट्रॅक्टरवाला गडी बिडी ओढता ओढता म्हणायचा, या बिडीचं थोटूक पाच उकर्ड्यांनाही देणार नाही. मी गाडीखाली सावलीत बसून भोकं पाडत असे आणि पुढून-मागून माझं नाव ऐकत असे, आणि प्रत्येक वेळी तीन भोकांतलं मधलं जरा जोरात पडत असे. मिरचीवाल्यानं एकदाच म्हटलं होतं, त्याचे दात गेले. इथं दिवसाला हजारदा, आणि मी कुणाचे दात मोजू?

जे पाहायला हवं होतं ते मी पाहिलं नाही. लोणार-बीबीकडचे लोक होते मागं, त्यांची बोली वेगळी, तोंडओळख नाही. त्यांच्यातला एक माणूस उकर्डा पागोट्यात खोचून ठेवताना मी पाहिला होता. कुणीतरी त्याला बदल्यात बिड्यांचं बंडल देत होतं आणि तो नाही म्हणाला. म्हणाला, ह्यो खरा हाय, कुठंबी चालतो. पन्नास माणसांच्या तोंडी माझं नाव होतं आणि कुणी त्याचा भाव पाडला नव्हता. हे आज लिहिताना दिसतं. तेव्हा डोळ्यांवर रक्त चढलेलं होतं.

सहाव्या दिवशी मी सहा घागरी आणून दिल्या म्हणून रहमाननं मला सहा उकर्डे मोजून दिले. मी ते हातात घेतले आणि एकेक उलटून पाहिला. भोकं माझ्यासारखी तीन, मधलं खाली. पण कडा फाटलेल्या. माझं भोक गोल, स्वच्छ, सुईच्या नाकासारखं. ही भोकं उंदरानं कुरतडल्यासारखी. म्हणजे कुणीतरी खोटे पाडत होतं. माझ्या नावाचे खोटे. रात्रभर ते सहा तुकडे मुठीत धरून पडलो.

सातव्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर मी ते रहमानच्या पुढं टाकले. तो चहा पीत होता, आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. त्याची गाडी दुसऱ्या दिवशी आत जाणार होती, तो खुशीत होता. मी विचारलं, हे कोठून आणले?

"तूच देल्ले ना बे."

मी म्हणालो, हे माझे नाहीत, हे खोटे आहेत.

त्यानं एक तुकडा उन्हाकडं धरून पाहिला आणि हसला. "मंग खोट्या उकर्ड्याचे खोटे उकर्डे असतीन."

माणसं हसली. जुवाला दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या असतात, बैलाची मान अडवायला. शिवळ म्हणतात. बाभळीची, हातभर लांब, मनगटाएवढी जाड. लोक नंतर म्हणाले, उकर्डाजीच्या हातात शिवळ कधी आली ते त्याला कळलंच नसेल. खोटं आहे. मला कळलं होतं. मी ती जुवातून उपसली, हातात तोलली, आणि मारली.

डाव्या डोळ्यावर बसली. आवाज मोठा झाला नाही. कच्चं बोंड पायाखाली फुटतं तसा झाला. चहाची बशी त्याच्या हातातच होती, ती त्यानं नीट खाली ठेवली आणि मग हात डोळ्याकडं नेला. मागं सरकला, स्वतःच्या गाडीला टेकला, आणि ताटीच्या फटींतून बाहेर आलेल्या कापसात त्याचं तोंड गेलं. कापूस रक्त पितो. मला ते माहीत होतं, बायांच्या बोटांवरून. पण एवढं पितो हे माहीत नव्हतं. ढोपराएवढा भाग लाल झाला आणि तो अजून पसरत होता.

मग गर्दी. आधी आमच्या परगण्याची, मग मागची, मग ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांची. गाड्यांच्या कडेचे दांडे, उभाऱ्या, उपसल्या गेल्या, काठ्या आल्या. कुणी माझ्या गळ्याला धरलं, कुणी त्याच्या. आणि मागून एक आरोळी आली, कोणत्या जातीच्या माणसाला कोणत्या जातीच्या माणसानं मारलं याची. एकानं दिली, तिचं उत्तर दुसरीकडून आलं. माझ्या एका फटक्यावर पूर्ण खामगाव पेटू शकत होतं, आणि मला ते दिसत होतं, आणि शिवळ अजून माझ्याच हातात होती.

रहमान उभा राहिला. अर्धं तोंड लाल. गाडीच्या चाकावर चढला.

"कोनी मंधी पडू नका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण रेच्यांच्या धडधडीतून ऐकू आला. "हे आमच्या राज्यातलं भांडन हाय. रगत निंघालं, निकाल लागला. आपापल्या गाडीवर जा."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पुढच्या दोन परगण्यांना कळलं आणि त्यांनी काठ्या खाली केल्या. मागच्यांनी त्यांचं पाहून केल्या. पोलीस आला, कोणी मारलं म्हणाला. रहमाननं माझ्या पांढऱ्या बैलाकडं बोट केलं आणि सांगितलं, शिंग लागलं. पोलीस बैलाकडं पाहत राहिला. बैल रवंथ करत होता. ज्या ट्रॅक्टरवाल्या गड्याला मी मनातल्या मनात दहादा मारला होता, त्यानंच रहमानला उचलून ट्रॅक्टरवर घेतलं आणि सरकारी दवाखान्याकडं धूम ठोकली.

दुपारी राजानं दरबार बोलावला. कुणी हसत नव्हतं. सुपडाजीनं ते सहा तुकडे गोणीवर ओळीनं मांडले. मला म्हणाला, तुझी दाभण आण. नवा चौकोन पुढं ठेवला. "टाक एक."

मी टाकला. तीन भोकं, मधलं जरा खाली. उचलून पाहिला. कडा फाटलेल्या होत्या.

पाचव्या दिवशी मी त्याच दाभणीनं फाटकी ताडपत्री शिवली होती. शिवता शिवता ती कडीच्या लोखंडावर आदळली आणि टोक मोडलं. मी टोक दगडावर चार वेळा घासलं आणि पुढं काम सुरू केलं. दाभण मोडली म्हणून सांगायला गेलो असतो तर कुणी म्हटलं असतं, उकर्डा बिघडला. म्हणून सांगितलं नाही, आणि मग स्वतःही विसरलो. त्या दिवसापासूनचे सगळे तसेच होते. सगळे माझे होते.

सुपडाजीनं माझ्या तळहातावर नवा तुकडा ठेवला, त्याशेजारी रहमानवाला. "पाह्य अन् सांग. यातला खोटा कोनता?"

मी पाहत राहिलो. तळहात घामेजला होता, तुकडे चिकटले. कुणीही मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मार मला समजतो.

म्हाताऱ्यानं डोक्यावरचं टोपलं काढून शेजारी ठेवलं आणि राज्य संपलं म्हणाला. मग एकेक माणूस आला. ज्याच्याकडं जेवढे होते तेवढे त्यानं माझ्या गाडीच्या कडेवर आणून ठेवले. पागोट्यात खोचणारा बीबीकडचा माणूसही आला. प्रत्येक जण ठेवताना बोलला.

"घ्या, उकर्डाजी."

"घ्या, उकर्डाजी."

इतके दिवस ज्यासाठी माझं काळीज जळत होतं ते मला पन्नास वेळा मिळालं. रहमान म्हणाला होता तसंच झालं, जी लागला आणि माणसं दूर गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या चुलीजवळ कुणी फिरकलं नाही.

डोळा गेला. रहमान त्यानंतर अकरा वर्षं जगला, आणि माझ्या गावच्या वाटेनं जाताना कधी न थांबता गेला नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी दार लावून घरात बसलो. तो ओट्यावर बसून राहिला, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्याला आणि दाराकडं तोंड करून म्हणाला, "भाईर ये बे. एकच डोया राह्यला, तू आता अर्धाच वंगाळ दिसते." मी बाहेर आलो. माफी मी कधी मागितली नाही. ते शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्यानं वाट पाहिली नाही. हे काही माझ्या बाजूनं बोलत नाही, मला कळतं. पंधरा सालानंतर पुन्हा बोंडअळी आली, गुलाबी. झाडातल्या विषाला ती सरावली म्हणे. पहिलं किडकं बोंड फोडलं तेव्हा ते दाखवायला मी त्याच्या गावाकडं निघालो होतो. अर्ध्या वाटेत आठवलं की तो आदल्या उन्हाळ्यात गेला.

कापसानं माणसाला काय काय करायला लावलं हे सांगणारे पुष्कळ येतात. वर्तमानपत्रवाले येऊन गेले, सर्व्हेवाले येऊन गेले. भाव, बियाणं, पाऊस, व्यापारी, सगळ्यांच्या नावानं मी पुष्कळ बोटं मोडली आहेत आणि त्यात खोटं काही नाही. पण ती शिवळ भावानं मारली नव्हती. तिचं वजन मी तोललं होतं. नाण्यावरची खूण बिघडली तर ती कुणाच्या हातानं बिघडली हे आधी आपल्या हाताला विचारावं, एवढं मला त्या मोसमानं शिकवलं, आणि शिकायला मला दुसऱ्याचा डोळा लागला.

आठव्या दिवशी सकाळी, उजाडल्याबरोबर, मी रहमानच्या गाडीवर चढलो. लाल झालेला कापूस हातानं वेचून काढायला लागलो. साहेबानं तो पाहिला असता तर पूर्ण गाडी परत फिरवली असती. वाळल्यावर रक्त कडक होतं, पुंजका उकलत नाही, नखांनी सोडवावा लागतो. एक ओझं निघालं. ते माझ्या गाडीत टाकलं. मग फाटक उघडलं आणि रहमानच्या गाडीचा पुकारा झाला. एका माणसाला एकच गाडी आत नेता यायची, आणि धनी नसलेली गाडी रांगेच्या शेवटी ढकलायची, हा नियम आम्हीच केला होता. रहमानची नेली तर माझी शेवटी जाणार होती. मी मागं वळून माझ्या गाडीकडं पाहिलं. रहमानचे बैल रक्ताच्या वासानं बुजून गाडीजवळ येईनात, म्हणून माझे बैल सोडले, रहमानच्या जुवाला जुंपले आणि हाकलं.

आत साहेबानं कोपरापर्यंत हात घातला, नाक मुरडलं आणि पुढं जा म्हणाला. काट्यावरच्या कारकुनानं नाव विचारलं. मी रहमानचं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यानं वही माझ्याकडं फिरवली आणि विचारलं, सही येते काय. चौथीपर्यंत जे शिकलो त्यात मला एकच सही येत होती, आणि ती त्या ओळीवर चालणार नव्हती. मी अंगठा पुढं केला.